माजघरावरचं आढं

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की गावात तुमची आठवण काढणारी माणसं आता थोडीच उरली आहेत, आणि जी आहेत ती अजून म्हणतात, म्हातारा छपराचा मोठा पारखी होता. मी ऐकते आणि मान हलवते. गेलेल्या माणसाबद्दल चार लोकांत वाईट बोलायचं नाही, म्हणून इथे लिहिते. पारखी तुम्ही होतातच. चैत्राचं ऊन तापायला लागलं की काठी घेऊन गावभर हिंडायचात. कुणाच्याही ओसरीत शिरायचं, काठीनं वरचं लाकूड ठोकायचं, मान तिरपी करून ऐकायचं, आणि त्या घरच्या माणसानं विचारलेलं नसताना सांगायचं, "गेलं बाबू तुहं छप्पर. औंदा उतरव." तो बिचारा उतरवायचा. आपल्या घरी आलात की मात्र हीच काठी कोपऱ्यात मुकी उभी राहायची.

आपल्याकडचं ऊन लाकडाला भेगा पाडतं, मग आठ-आठ दिवसांची झड लागते आणि त्याच भेगांत पाणी मुरतं. असं किती वर्षं चालणार? सगळ्या छपराचं ओझं घेणारं माजघरावरचं आढं मधोमध दबलं होतं, म्हाताऱ्या बैलाच्या पाठीसारखं. भुंग्यानं पोखरलेल्या लाकडाचा पिवळा भुगा थेट परातीत पडायचा, माय तो फुंकून बाजूला करायची आणि भाकरी थापायला घ्यायची. मृगाच्या आधी कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायला तुम्ही स्वतः चढायचात. ओसरीवर, गुरांच्या कोठ्यावर मांजरासारखे फिरायचात. माजघरावर मात्र तुमचा पाय कधी पडला नाही. तिथले कवेलू शिडीवर उभं राहून लांबूनच बांबूनं सारखे करायचात. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. ज्याला कळतच नाही अशा माणसावर मी रागावले नसते. तुम्ही स्वतः जिथे पाय ठेवत नव्हतात, त्याच्याखाली आम्हाला झोपवत होतात.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं आणि तुम्ही दिग्रसहून बैलगाडी भरून टिनपत्रे आणलेत. मायला वाटलं, माजघराचं भाग्य उजळलं. पत्रे चढले ओसरीवर. व्याही ओसरीत बसणार, त्यांना माजघर थोडंच दिसणार होतं! वैशाखात त्या पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. व्याह्यांनी घामेजलेल्या तोंडानं तुमच्या पत्र्यांचं कौतुक केलं आणि ते पाणी प्यायला कडुनिंबाखाली जाऊन बसले. तुम्हीही पुढच्याच दुपारी तुमची बाज उचलून आत आणलीत, कारण कवेलूखाली गार वाटायचं. तुम्ही दाखवण्यासाठी जे केलंत त्याच्याखाली तुम्हाला स्वतःलाही बसवेना, आणि याची लाज तुम्हाला कधी वाटल्याचं मी पाहिलं नाही.

पैशाची अडचण होती म्हणावं, तर तेही नाही. नव्या आढ्यासाठी सागाचं चांगलं सरळ लाकूड कधीचं कोठ्यात येऊन पडलं होतं. कोंबड्या त्याच्यावर बसायच्या. पुढच्या वर्षी मी पहिल्या बाळंतपणाला आले तेव्हाही ते तिथेच होतं. ज्येष्ठ लागला होता, आभाळ अजून कोरडं होतं, दोन-तीन दिवसांत काम उरकलं असतं. माय चुलीपुढून म्हणते, "आता तरी उतरवा जी. हे पोरगी इथं बाळंतीन व्हनार हाय." तुम्ही तंबाखू मळत बसला आहात. मान वर न करता म्हणता, "घरात पोटुशी लेक हाय. अशात घराले हात लावाचा नसते, येवढं तुले समजत नाही?"

रीत होतीच ती, मी नाकारत नाही. पोटुशी बाई घरात असली की भिंत पाडत नाहीत, छप्पर उघडत नाहीत, लोक तर खिळाही ठोकत नाहीत. पण मायनं त्यावरही तोड काढली होती. "मंग हिले आठ दिवस माह्या भावाकडं पुसदले धाडते. ती घरात नसली तं झालं न? काम झालं का घेऊन येऊ."

"अन् लोक काय म्हनतीन? पोटुशी लेकीले घराभायेर काढलं?"

"लोक राह्यतात का या छपराखाली?"

तुम्ही उठलात, पिंक टाकलीत आणि बाहेर निघून गेलात. त्या दिवशी तुम्ही दुसऱ्याच्या घरी जाऊन कुणाचं तरी छप्पर ठोकून आलात, हे मला नंतर कळलं. रीतभात तुम्हाला कामाला जुंपलेल्या बैलासारखी हवी होती. आधी माझं लग्न आडवं आलं, मग माझं पोट. त्यानंतर माझ्या लेकराचं जावळ आडवं आलं असतं. मी तुमची लेक नव्हते, सबब होते.

लेकरू झडीतच जन्मलं. माजघरात जिथे जिथे गळत होतं तिथे मायनं गंगाळ, परात, घमेलं मांडलं आणि माझी बाज दर दोन तासांनी इकडून तिकडे सरकवली. आढं करकरायचं. मी लेकराला छातीशी धरून वर पाहत पडायची, झोप म्हणून नव्हती. पण आढं पडलं नाही. झड उघडली त्या सकाळी तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "पाह्यलं? उभं हाय न अजून? उगाच बायकाईचं ऐकलं असतं तं!" छाती केवढी फुगली होती तुमची.

मातीचं घर पावसात तग धरतं आणि उन्हात बसतं, हे गावाला तुम्हीच सांगत आला होतात. भिजलेली भिंत वाळू लागली की जागा सोडते, त्यावरचं लाकूड निसटतं. भाद्रपदाचं कडक ऊन पडलं होतं. मी लेकराला मांडीवर घेऊन अंगणात बसले होते, माय त्याच्या अंघोळीचं पाणी आणायला आत गेली. आवाज फार मोठा नव्हता. आधी धूळ आली, मग कवेलू फुटत राहिल्याचा आवाज, मग काहीच नाही. लोकांनी लाकूड उचलून मायला बाहेर काढलं तेव्हा ती शुद्धीवर होती आणि लेकरू कुठे आहे ते विचारत होती. तिचा उजवा खांदा मोडला तो कधीच नीट बसला नाही. हात छातीच्या वर जाईना.

आणि तुम्ही? आठवडाभरात नवं आढं चढवलंत. घरात बाळंतीण होती, तान्हं लेकरू होतं, पण आता कुठली रीत आडवी आली नाही. भेटायला येणाऱ्यांना तुम्ही तोंड वर करून सांगत होतात, "त्या लाकडाची वेळ भरली होती. देवाची किरपा, नातू वाचला." मायचं नाव त्या कृपेत नव्हतं. लोक नवं छप्पर पाहून वा वा करत होते आणि तुम्ही ऐकत होतात. त्या दिवसापासून माझ्या मनातून तुम्ही उतरलात ते कायमचे.

दिवाळीला आले तेव्हा सकाळी पाहते तर माय माजघराच्या उंबऱ्यावर बसलेली आणि तुम्ही तिच्या मागे, दातात फणी धरून. तिचा अंबाडा घालत होतात. तोही धड जमत नव्हता, एका कानाकडे कलंडलेला. मी म्हटलं, "माय, सरक, मी घालते."

"राहू दे," माय म्हणाली, तुमच्या देखत. "त्याईलेच घालू दे. रोज हा खांदा पाहू दे त्याईले."

तुम्ही अंबाडा सोडलात. फणी घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीत. मला वाटलं, बरी अद्दल घडवली मायनं. ही अद्दल तुम्ही मरेपर्यंत रोज सकाळी भोगलीत, आजारात बाजेवर बसूनसुद्धा, आणि अंबाडा अखेरपर्यंत वाकडाच राहिला.

हे पत्र कुठेही टाकायचं नाही, घडी करून चुलीत जाईल. यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण तुमचा तेरावा झाल्यावर मी मायला पुढ्यात बसवून तिचे केस विंचरले आणि छान, सरळ, घट्ट अंबाडा घातला. मायनं डाव्या हातानं तो चाचपला आणि एकेक काटा काढून सोडून टाकला. "तुह्या हातचा नाही जमत वं मले," म्हणाली. त्या वेळी मला तुमचा हेवा वाटला, बाबा.