पहिल्याच रिळात मेलेला माणूस

पनवेल,
१० डिसेंबर १९८९

तीर्थरूप दादूमामांच्या चरणी अविनाशचा नमस्कार.

तुमचा गुडघा, मामींचा दमा आणि अंगणातला तुमचा शेंदरी वेताळ, तिघेही ठीक असावेत. (वेताळाची चौकशी मी जन्मात प्रथमच करतो आहे.) सात वर्षांपूर्वी भर सभेत मी तुमच्या भगतगिरीवर बोललो आणि तुम्हांला ‘लिंबांवर पोसलेला लफंगा’ म्हणालो, तेव्हापासून आपला पत्रव्यवहार जरा मंदावला. तो शब्द मी मागे घेत नाही. पण प्रकृतीची काळजी ही वेगळी गोष्ट.

आता माझ्या मरणाची हकिगत. गेल्या वर्षी पळस्प्याजवळच्या एका रिकाम्या बंगल्यात भुताच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. मी निषेधाला गेलो. फाटकात उभा राहून गरजलो, की ज्या देशात आजारी बाईला अजून झाडाला बांधून झोडतात, तिथे पांढऱ्या साडीतली हडळ विकणं हा धंदा नव्हे, गुन्हा आहे! दिग्दर्शकाने सगळं ऐकलं आणि नम्रपणे म्हणाला, “सर, हेच कॅमेऱ्यासमोर बोलाल? एक शब्द कापणार नाही.” मामा, माणसाला झपाटायला हडळ लागत नाही, माईक पुरतो. मी प्रोफेसराचा कोट चढवून बोललो. मग त्यांनी मला जिन्यावर आडवं केलं आणि मानेला लाल रंग फासला. (कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाले, लाइट तपासतोय.)

त्यांनी शब्द पाळला. पडद्यावर मी “भूत नाही!” म्हणून गर्जना करतो, आणि दारामागून एक केसाळ हात येऊन माझी मान कोंबडीसारखी पिरगळतो. (मान दुसऱ्या कुणाची, कोट तोच; जिन्यावर रक्ताळलेला मात्र मीच.) पहिल्याच रिळात. पुढे सिनेमा संपेपर्यंत बाकीचे एकमेकांना सांगत राहतात, की प्रोफेसरांनी ऐकलं असतं तर वाचले असते. शेवटी मांत्रिक येऊन सगळ्यांना सोडवतो.

हा सिनेमा बेलपाड्याच्या जत्रेत दाखवला. माझ्या मरणावर शिट्ट्या पडल्या, त्या मी सोसल्या असत्या. पण त्या गर्दीत गावातला महादेव होता. त्याची सून चंद्रावती, विशीतली पोर, तिला फेफरं येतं. महिनोन् महिने महादेवाशी डोकं फोडून मी तिला पनवेलच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. गोळ्यांनी झटके थांबले होते. पोर भातकापणीला जाऊ लागली होती, हसू लागली होती. जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी गोळ्या उकिरड्यावर गेल्या. मी धावलो, समजावलं, ओरडलो. महादेव म्हणाला, “मास्तर, ह्येच तुमी शिनेमात बोलला व्हता. मंग तुमचं काय झालं, त्ये आख्ख्या गावानं बगितलं. आता आमाला शिकवू नका.” त्याची बायको हौसा तर मला पाहून भिंतीला चिकटली. मेलेल्याला चहा द्यावा की नाही, असा तिच्यापुढे पेच होता. (दिला नाही.)

गेल्या मंगळवारी चंद्रावती झटका येऊन चुलीतच कोसळली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला आहे. मी गेलो तेव्हा हळूच म्हणाली, “मास्तर, चोरून एक गोळी द्या ना.” दिली. हौसाने तिच्या तोंडात बोट घालून ती बाहेर काढली. डॉक्टर म्हणतात, झटके असे एकामागून एक येऊ लागले तर ती हाती लागणार नाही. आणि घरच्यांनी ठरवलंय, की अमावास्येला तापल्या सळईने डागून तिच्या अंगातलं काढायचं.

गावोगाव मी सभा गाजवल्या, मामा. दगड खाल्ले, पण तोंड मिटलं नाही. आता बेलपाड्यात भूत नाही म्हणणारा मी एकटाच, आणि गावाच्या लेखी भूतही मीच.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
अविनाश (अजून जिवंत)

ता. क. बेलपाड्यात तुमचा शब्द देवाचा मानतात. अमावास्येच्या आत या. घुमा, भंडारा उधळा, हवं ते करा. फक्त देवाच्या तोंडून एवढं वदवा, की पोरीला डागाल तर कोप होईल, आणि ही पुडी सकाळ-संध्याकाळ चुकवायची नाही. डॉक्टरांना विचारून गोळ्या मी अंगाऱ्याच्या पुड्यांत बांधून ठेवल्या आहेत.

ता. क. २. लफंगा हा शब्द मागे घेतो. म्हणाल त्या सभेत घेईन, पण आधी या.

ता. क. ३. न बोलावता कसे आलात असं महादेवाने विचारलं, तर सांगा, मास्तराचं भूत रडत दाराशी आलं होतं. ते त्याला लगेच पटेल.