ऱ्हस्वाचं दीर्घ

मु. पो. सोनारतळी, ता. पाटण
दि. ३ फेब्रुवारी १९७४

तीर्थस्वरूप दाजी यांस,
आकारामचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पाकीट परवा मिळालं. आक्काला ताप आला हे ऐकून आईने भाकरी बाजूला सारली. ताप उतरला हे पुढच्या ओळीत होतं, ते वाचल्यावर जेवली.

पाटबंधारे खात्यात पाटकऱ्याच्या जागेसाठी पुन्हा अर्ज केला आहे. मागच्या साली मुलाखतीचा कॉल मुलाखत उलटून पाच दिवस झाल्यावर हातात पडला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. येत्या जूनमध्ये मला पंचवीस पुरी होतात. मग सरकारी नोकरीचं वय संपलं. म्हणून रोज सकाळी लालासाहेब गुरुजींच्या पडवीत जाऊन बसतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दहा वर्षं पोस्ट त्यांच्याकडेच आहे. मोठा माणूस. कुणाची सोयरीक जमणार, कुणाचा मुलगा रजेवर येणार, हे त्यांना घरच्यांच्याही आधी कळतं. काल मला म्हणाले, पोस्ट म्हणजे नशीब रं, घाई करून हाती येत न्हाई.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही पत्रात ‘आशिर्वाद’ लिहून नंतर वेगळ्या शाईने ‘शि’ची ‘शी’ केलीत. ‘बहिण’चीही ‘बहीण’ केलीत. मला फार आनंद झाला. अखेर आपण लिहिलेलं पुन्हा वाचू लागलात!

आपला आज्ञाधारक,
आकाराम

*

सांगली
ता. १७ फेब्रुवारी

चि. आकारामास अनेक आशिर्वाद.

हे पत्र पोष्टाने नाही, लोकर विकायला आलेल्या तुमच्या गावच्या धुळा धनगराच्या हाती पाठवतोय. वाच आणि चुलीत घाल.

अरे शहाण्या, मी लिहिलेलं पुन्हा कवा वाचलं होतं? हळदिच्या बाजारात पोत्यांवर नावं घालणारा माणूस मी. माझ्याकडे दुसरी शाई पण नाही. तुझं पत्र तुझ्या आक्काला वाचून दाखवलं, तर ती कपाळावर हात मारुन घेत म्हणाली, आवं, हे लालासाहेब गुरुजीच! आमच्या लग्नपत्रिकेतल्या चुका बी त्यांनीच काढल्या होत्या. म्हणजे गड्या, चिकटवलेलं पाकीट ते वाफेवर उघडतात आणि ऱ्हस्व दिसला की त्यांचा हात राहात नाही. बयाबाईने अंडी नेली की तिच्या मिलिटरीतल्या पोराचं, ज्ञानूचं पत्र त्याच दिवशी कसं सापडतं, हे आता कळलं. तू नुसता नमस्कार नेतोस, म्हणून तुझा कॉल सापडत नाही.

इथल्या पोष्टाच्या साहेबांना भेटलो. आधी हसले, मग खुर्ची दिली. सहा चुका ठरवून घातलेलं पत्र मी त्यांच्यासमोर लिहिणार. त्याची नक्कल सही-शिक्क्यानिशी साताऱ्याच्या इन्स्पेक्टरकडे जाईल. पाकीट आलं की साक्षीदारांसमोर फोड. तोंड मिटून ठेव. घाबरु नकोस.

तुझे दाजी,
दादासो

*

सांगली
ता. २ मार्च

चि. आकारामास आशिर्वाद. इकडे सर्व ठिक. हळदीचे पिक चांगले आहे. तुझी बहिण खुशाल आहे. परिक्षा नसली तरी वाचत जा, ही विनंति. लोभ असु द्यावा.

दादासो

*

सोनारतळी
दि. ९ मार्च १९७४

तीर्थस्वरूप दाजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

कॉल मिळाला! मुलाखत वीस तारखेला आहे, अजून अकरा दिवस आहेत. मी पाच वेळा मोजले.

काल इन्स्पेक्टर साहेब शेंगा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासारखे पडवीत बसले होते. गुरुजींनी हसत माझ्या हातात पाकीट ठेवलं. चार माणसांसमोर फोडलं. साहेबांनी खिशातून नक्कल काढून शेजारी धरली. दाजी, तुम्ही सहा चुका ठरवून घातल्या होत्या, पण गुरुजींनी सात सुधारल्या. सातवी तुमची स्वतःची. साहेबही हसले.

मग साहेबांनी गुरुजींच्या घरातल्या कणगीत हात घातला. ज्वारीखाली त्रेचाळीस पाकिटं होती, त्यातलं एक माझं. बयाबाईला ज्ञानूची तीन मिळाली. पत्रं पदरात धरून ती गुरुजींना म्हणाली, आवं गुरुजी, माझी अंडी तेवढी येळेवर पोचत हुती, व्हय? सगळी पडवी हसली. मग तिने मला खाली बसवून तिन्ही पत्रं वाचून घेतली. दिवाळीला ज्ञानू एकाच दिवसाच्या रजेवर आला होता आणि पहिल्या पत्रात कळवल्याप्रमाणे कऱ्हाडच्या स्टँडवर दिवसभर आईची वाट बघून परत गेला, हे दुसऱ्या पत्रात होतं. मग कुणी हसलं नाही.

साहेबांनी गुरुजींचा जबाब लिहिला. शेवटी ‘माझी चुक मला मान्य आहे’ असं होतं. मी मागे उभा होतो. सातव्या इयत्तेपर्यंत छडी खाऊन शिकलेल्या माझ्या डोळ्यांना ती चूक लगेच दिसली. गुरुजींनी चष्मा मागितला, सगळं सावकाश वाचलं, ‘चु’ दीर्घ केला आणि मग सही केली. दुपारच्या एस.टी.ने त्यांना साताऱ्याला नेलं.

आक्काला नमस्कार. लोभ आहेच. तो मध्ये कुणी उघडू नये, एवढंच मागणं.

आपला,
आकाराम

ता. क. पत्र तीनदा तपासलं आहे. तरी काही राहिलं असल्यास तसंच राहू द्या.