वारलूचं लायटर लच्छूकडे

३ फेब्रुवारी १९८५

वही, रागावू नको. संक्रांत होऊन किती दिवस झाले, आणि मी आज लिहितो आहे. डोळ्यांत धूर बसल्यासारखं होतं. ओळ सरळ जात नाही. पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

वारलू आज बाजारात आला नाही. तिसरा बाजार हा!

एकोणतीस वर्षांत असं झालं नाही. छप्पन साली आम्ही दोघं पायी चांद्याला गेलो, दीक्षा घेतली. येताना त्यानं पितळी लायटर घेतलं, मी आरसा घेतला. आरसा त्याच वर्षी फुटला. लायटर अजून जळतं – कोणामुळे? माझ्यामुळे! चाक मी चारदा बदललं. बिजागरीचा खिळा माझा. स्प्रिंग बॉलपेनची, ती माझी. बूड झिजलं तेव्हा शिकाऱ्याच्या रिकाम्या काडतुसाचं पितळ ठोकून नवं केलं. वात, खडा, कापूस तर मोजतच नाही. त्याचं म्हणावं असं आता वरचं कवचच उरलं.

पौषातही मीच उघडलं होतं. पेट्रोल भरायच्या स्क्रूखालचा वायसर गेला होता. डबीतून काळं चामडं काढलं, नवा कापला, बसवला. संध्याकाळ झाली होती, बोटांनीच माप घेतलं. इतकी वर्षं करतो, डोळे कशाला लागतात!

कुरखेड्याच्या बाजारात मी दुरुस्तीला बसायचा बोरा अंथरला की वारलू येणार, लायटर पेटवणार, पहिली विडी मला देणार. मग माझा धंदा सुरू. आता तीन बाजार मी शेजारच्याची काडी मागतो.

५ फेब्रुवारी

रुखमाबाई हसते. "सवत आली वाट्टे तुमची!" बायको असून असं बोलते.

१० फेब्रुवारी

पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं.

तो लच्छू – भद्रावतीच्या कॉलनीत बसायचा, दिवाळीपासून इथे आला. आम्ही बोऱ्यावर, हा टेबल-खुर्चीवर. वर छत्री. डोळ्याला भिंग लावतो. पाटी पण आहे, 'येथे घड्याळ लायटर दुरुस्त होईल'. मला पाटी लागली नाही कधी.

त्याच्या टेबलापुढून मुद्दाम गेलो. त्याच्या हातात काडतुसाचं बूड चमकलं! माझ्या हातोडीचा घाव मी ओळखणार नाही? लच्छूनं पटकन वर फडकं टाकलं.

"जयभीम, लटारूभाऊ."

"कोनाचं हाय रे हे?"

"गिऱ्हाइकाचं हाय, भाऊ."

गिऱ्हाइकाचं! आणि फडकं कशाला, सांग? माझं पोर दुसऱ्याच्या मांडीवर बसलेलं पाहावं तसं झालं मला.

११ फेब्रुवारी

जेवलो नाही. रुखमाबाईनं आंबील पुढे ठेवली, तीही तशीच.

१३ फेब्रुवारी

मन मानेना. वारलूच्या घरी गेलो. त्याची बायको बायनाबाई दारातच उभी राहिली. एरवी 'या भाऊ, बसा' म्हणणारी!

"झोपले हायत जी. पाय दुखून राह्यला त्याहीचा."

झोपला कसला? तिच्या खांद्यावरून मला दिसला ना. बाजेवर बसून विडी ओढत होता. आणि अंगावर लुंगी! जन्मात पायजम्याशिवाय काही घातलं नाही त्यानं. लुंगीवर जांभळे डाग. जांभळं खायचे दिवस तरी आहेत का हे? मला पाहून त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

ठीक आहे, वारलू. नव्या मिस्त्रीचं लायटर पेटव. नवी सोयरीक लखलाभ.

१७ फेब्रुवारी

आज मी बोललो.

तेंदूपत्ता गोळा करायच्या फडीवरचा मुनशी नथ्थू माझ्याकडे बॅटरी घेऊन बसला होता. दोघं-चौघं भोवती होते. मी म्हटलं, "लच्छूकडे लायटर नोका देऊ. तो वायसर रबराचा टाकते. पेट्रोल रबराले खाते. खिशात गळन तं समजन तुमाले."

नथ्थू म्हणाला, "खरं?"

"माह्या डोयानं पाह्यलं."

पाहिलं नव्हतं. पण नवा माणूस घाईत हेच करतो, हे मला ठाऊक आहे. वायसर चामड्याचाच पाहिजे, ही गोष्ट टेबल-खुर्चीनं येत नाही!

दुपारनंतर तिघं त्याच्याकडून उठून माझ्याकडे आले. लच्छूच्या कानावर गेलंच असणार. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही. चूप राहतो तो चोर.

मला आज बरं वाटायला पाहिजे.

२४ फेब्रुवारी

लच्छूच्या टेबलाला कोणी नाही. दुपारीच छत्री मिटली. जाताना माझ्या बोऱ्यापाशी थांबला. "तुमचं चाललं ना भाऊ, मंग झालं." टोमणा होता का? मला तरी तसाच लागला.

आणि नथ्थू सांगतो, वारलू बुधवारीच भद्रावतीला गेला, पोरगा हरिदास न्यायला आला होता. मुनशीला माहीत, पानवाल्याला माहीत, लच्छू तर म्हणे गाडीपर्यंत पोचवायला गेला होता. मीच तेवढा परका!

२ मार्च

बायनाबाई कपडे न्यायला गावी आली होती. सरळ माझ्या अंगणात आली. बसली नाही.

"लच्छूले काऊन बदनाम केलं जी तुमी?"

मी म्हटलं, तुझ्या माणसानं मला सोडलं, ते नाही विचारत?

तिनं कमरेची पुडी सोडून माझ्या हातावर ठेवली. कागदात काळं काहीतरी, फुगलेलं, जळू चिरडावी तसं. बोटानं दाबलं तर लिबलिबलं. सायकलच्या ट्यूबचं रबर!

"हा तुमचा वायसर. लच्छूनं काढला. पेट्रोल गळत राह्यलं खिशात, यायले समजलंच नाई. मांडीचं कातडं निंगालं. जांभयं औषध लावलं घरीच, नाई मानलं. आता जखम चिघळली, म्हनून पोरानं तिकडच्या दवाखान्यात नेलं."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं?

"हे म्हनत, लटारूले कळू नोको देजो. त्याचे डोये गेले हे बाजारात समजलं तं त्याच्या बोऱ्यापाशी कोन गिऱ्हाईक बसन? लच्छूकडून वचन घेतलं यायनं. तो पोरगा गिऱ्हाईक गमावून बसला, पर बोलला नाई."

ती गेल्यावर डबी उलटी केली. काळं चामडं, काळं रबर, सगळं एकातच. उन्हात धरलं. मला वेगळं ओळखू येत नाही.

३ मार्च

बाजार. बोरा अंथरला नाही. डबी लच्छूच्या टेबलावर ठेवली आणि नथ्थूला, सगळ्यांना हाक मारून सांगितलं – रबर माझं होतं. लच्छूनं मला स्वतःची खुर्ची दिली. माझ्याच्यानं बसवलं नाही.

उद्या सकाळी चंद्रपूरच्या गाडीच्या कंडक्टरजवळ हेच पान फाडून देतो, पुढे भद्रावतीला पोचवायला. वारलू, मांडी कशी आहे, एवढंच कळव. हरिदासकडून लिहव, नाहीतर कोणाच्या तोंडी सांग. पण लवकर निरोप धाड बाबा.