तीनशे दहा फोटो एकदम

२ जुलै २००७, सोमवार
आजपासून रोजनिशी. सहा वर्षं तासिकेवर कॉम्प्युटर शिकवतो आहे, त्याची नोंद कुठेच नाही.
मुख्याध्यापक उकंडराव सरांनी बोलावलं. संगणक सहायकाची एक जागा कायम होणार. ३१ जुलैनंतर मी वयाच्या अटीतून बाहेर पडतो, हे त्यांनाही ठाऊक आहे. म्हणाले, परमेश्वर सर, ओळखपत्रांचे फोटो २० तारखेच्या आत साफ करून द्या, तुमचं नाव बराबर पुढं करतो.
फोटो तीनशे दहा. स्टुडिओवाल्या मुबश्शीरने लाईट नव्हती म्हणून पोरं मैदानातल्या लिंबाखाली उभी केली. आता प्रत्येकाच्या तोंडावर पानांची सावली.
संध्याकाळपर्यंत पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला. तीस ओळी. ठिपका ठिपका तपासून सावली काढतो. एका फोटोला सहा मिनिटं. नोकरी लागल्यातच जमा.

३ जुलै
बायकोने, सुकन्याने, हिशेब केला. शाळेत लाईट दहा ते दोन. दिवसाला चाळीस फोटो. सुकन्या म्हणाली, आजच लावून द्या, पुढच्या बुधवारी मोकळे व्हता.
एकामागून एक फोटो? हे काम कोणीही करील. मी थ्रेड वापरणार. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रामच्या पोटातले वेगवेगळे कामगार. चार थ्रेड, चार फोटो, एकदम. बुधवारची वाट बघायचं काम नाही. कायम नोकरीचा माणूस असाच विचार करतो.

५ जुलै, दुपारी २
दोन दिवस थ्रेड शिकण्यात गेले. हे शिक्षण आहे, वाया जात नाही.
चाचणी घेतली. चार फोटो खरोखर एकदम तयार झाले. डोळ्यांत पाणी आलं. एकेक करून चोवीस मिनिटं लागली असती, एकदम केल्याने सव्वीस लागली. थ्रेड नवीन आहेत.

७ जुलै
चूक सापडली. चार थ्रेड फार थोडे. कामगार कमी असले की काम तुंबतं. तीनशे दहा थ्रेड करणार, दर विद्यार्थ्याला एक. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. मुबश्शीरची बहीण अलमास प्रयोगशाळेत आली होती. माझी जुनी विद्यार्थिनी. तिने विचारलं, सर, तोवर जुना प्रोग्राम चालू ठेवू का? नको म्हणालो. दोन पद्धती झाल्या की गोंधळ होतो.

८ जुलै, रविवार
पुसेगावला मेव्हण्याच्या लेकराचं जावळ. मटणाची पंगत. माणसं खोळंबली होती, म्हणून मी सासऱ्यांना, पुंजाजींना, सुचवलं की एकेक पंगत कशाला, चारही एकदम बसवा. बसवल्या. रस्सा वाढणारा बाबूसिंग एकटा, त्याच्याकडे पळी एक. या पंगतीत चार ताटं वाढली की त्या पंगतीत धावायचा. चारही पंगतींत भाकरी चुरून माणसं बसून राहिली. दोन तास कोणी उठलं नाही.
पुंजाजी म्हणाले, जावई, पळी एकच हाय. एक पंगत जेवून उठू द्या, मंग दुसरी.
त्यांना कॉम्प्युटरचं काही कळत नाही. वाईट वाटून घेतलं नाही.

९ जुलै
भव्य. पडद्यावर तीनशे दहा ओळी आणि सगळ्या पुढे सरकत होत्या. उकंडराव सरांना बोलावून दाखवलं. तेही बघत राहिले. दोन वाजता प्रत्येक फोटो तेरा टक्के झाला होता. मग लाईट गेली.
पूर्ण झाल्याशिवाय फोटो साठवत नाही. अर्धवट काम माझ्या तत्त्वात बसत नाही. उद्या पहिल्यापासून.

१० जुलै
तेरा टक्के. लाईट गेली.

११ जुलै
तेरा टक्के. लाईट वेळेवर जाते, एवढं एक आहे.
आज बुधवार, याची सुकन्याने आठवण करून दिली.

१२ जुलै
पुस्तकात वाचलं की पायथनमध्ये एक लॉक असतं. ते ज्याच्या हातात, त्याच थ्रेडने चालायचं, बाकीच्यांनी थांबायचं. क्षणाक्षणाला ते हात बदलतं, म्हणून सगळे एकदम चालल्यासारखे दिसतात. पान दोनदा वाचलं. पुस्तक मिटून ठेवलं.
नंतर लक्षात आलं, पुस्तक परदेशी आहे. तिकडची परिस्थिती वेगळी असणार.

१३ जुलै
उपाय मिळाला. मशीनच कमजोर होतं. अंगदचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्याच्याकडून ड्युअल कोअर मशीन आठवडाभर मागून आणलं. एका डब्यात दोन डोकी. सव्वीस टक्के धरून चाललो आहे.

१४ जुलै
बारा टक्के. म्हणजे एक कमी.
मशीन सांगतं की त्याची निम्मीच ताकद वापरात आहे. याचा अर्थ निम्मी राखीव आहे. ही जमेची बाजू.
मुबश्शीर फोटोंचं बिल द्यायला आला होता. बघून म्हणाला, सर, इत्ती तकलीफ काय को? वो पुराना प्रोग्राम दो बार खोल लो ना, आधे फोटो इसमें, आधे उसमें. मी हसलो. एकच प्रोग्राम दोनदा उघडायचा, ही काय पद्धत झाली? बारावी नापास माणसाला काय समजावून सांगणार.

१६ जुलै
बारा टक्के.
सुकन्या म्हणाली, काहून असं करून राहिले? एक तरी फोटो पुरा करा. तिचा आवाज बारीक झाला होता. तिला सांगितलं की तीनशे दहा फोटो एकदम पूर्ण होतील तेव्हा कळेल. तिने विचारलं, कवा? लाईट सलग एकतीस तास राहिली की, असं मी म्हणालो. बोलल्यावर मलाच ते कसंतरी ऐकू आलं.

१७ जुलै
उकंडराव सरांनी विचारलं, किती झाले? म्हणालो, सगळे सुरू आहेत. झाले किती? एकही नाही. सर तसेच बाहेर पडले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

१८ जुलै
सरांनी फोटोंची सीडी मागितली आणि मुबश्शीरकडे पाठवली. त्या सीडीवर माझा जुना तीस ओळींचा प्रोग्रामही होता. असू दे. टाकाऊच आहे.
आता ते अडकतील आणि मला बोलावतील. घरीच थांबलो.

१९ जुलै
बोलावणं आलं नाही.

२० जुलै, शुक्रवार
फोटो झाले. तीनशे दहाच्या तीनशे दहा.
अलमासने केले. स्टुडिओत तिचे आणि अंगदच्या दुकानातून आणलेले मिळून चार कॉम्प्युटर, बॅटऱ्या लावलेले. चारही मशीनवर तोच प्रोग्राम उघडला, फोटो चार वाट्यांत वाटले आणि स्वतः शिवण करत बसली. सगळ्यांसमोर म्हणाली, मी कुछ न्हाई केलं, प्रोग्राम सरांचाच हाय. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.
उकंडराव सर मला बाजूला घेऊन म्हणाले, तिची बी.एस्सी. झालेली हाय, परमेश्वर सर. मी मान हलवली.

२३ जुलै
लॉकबद्दल पुस्तकाच्या लेखकाला पत्र लिहायचं ठरवलं होतं. लिहिलं नाही. काही करावंसं वाटत नाही.

१ ऑगस्ट
कालपर्यंत वयाच्या अटीत बसत होतो, आजपासून बसत नाही. तेहतीस वर्षांत एवढी साधी तारीख मला सांभाळता आली नाही. आठ दिवसांचं काम होतं. मी तीन आठवडे घेतले आणि एक पोरगं पूर्ण केलं नाही.
शाळेत अलमास संगणक सहायकाच्या खुर्चीतून उठून उभी राहिली. म्हणाली, सर, तुमचं बी कार्ड केलं. तासिका शिक्षक, मार्च २००८ पर्यंत वैध. माझाही फोटो लिंबाखालचाच होता. चेहऱ्यावर सावलीचा ठिपकासुद्धा राहिलेला नाही. प्रोग्राम खरंच चांगला आहे.
घरी आल्यावर सुकन्याला कार्ड दाखवलं. हात पुसून तिने ते घेतलं, दाराशी उजेडात नेलं आणि बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, याच्यात तुमी नोकरी लागल्यावानी दिसून राहिले.