टीव्हीतल्या बाई

आक्का, आमच्या शाळेत आता गणिताच्या तासाला माणूस नसतो, टीव्ही असतो. आणि त्या टीव्हीत मी असते. हे तुला कसं सांगावं याचा विचार करण्यातच बरेच दिवस गेले, कारण तू गेलीस तेव्हा परगावी फोन करायचा तर एसटीडी बूथवर रांग लावावी लागायची. आता मी बेळगावात एका सरकारी इमारतीच्या मागच्या खोलीत, हिरव्या पडद्यासमोर उभी राहून, एका कॅमेऱ्याला अपूर्णांक शिकवते. माझी शाळा निपाणीहून बोरगावच्या वाटेला, आडबाजूच्या गावात. मुलं तिकडं, मी इकडं. टिळकवाडीत एका बंगल्याच्या मागची खोली भाड्यानं घेतलीय. सकाळी बसथांब्यावर उभी असते तेव्हा उद्यमबागेकडं निघालेले कामगार डबे घेऊन मोटारसायकलवरून जातात. त्यांना निदान माहीत असतं की आज आपल्या हाताखालून काय जाणार आहे.

हे सगळं सुरू कुठून झालं म्हणशील, तर तुझ्याच स्वयंपाकघरातून. बाजारच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतल्या मराठी शाळांचे मास्तर आणि बाया पिशव्या घेऊन निपाणीला यायच्या आणि भाजी घेण्याआधी आपल्याकडं टेकायच्या. खात्याचे कागद कन्नडात आलेले असायचे. तू त्यांच्यासारखीच मराठी शाळेतली बाई, पण तुला कन्नड चांगलं यायचं. तू एकीकडं पिठलं ढवळतेस, दुसरीकडं कागद डोळ्यांसमोर धरून वाचतेस, आणि ते सगळे खाली बसून मराठीत उतरवून घेताहेत. कुणी नकाशा काढून आणलेला असायचा, कुणी पचनसंस्थेचा तक्ता. ते तक्ते या शाळेतून त्या शाळेत फिरत राहायचे, कडा पार दुमडून जायच्या. कुणाच्या गावात भागाकार कुणालाच जमेना झाला की तेही तिथंच बोललं जायचं आणि कुणीतरी म्हणायचं, "अवो, मी कसं शिकिवतो सांगू काय?" मी कोपऱ्यात लसूण सोलत ऐकायची. मला तेव्हा वाटायचं शिक्षक होणं म्हणजे असं गोतावळ्यात बसणं.

नोकरी लागली तेव्हा तू मला तुझा गुंडाळफळा दिलास. आणि थोड्याच दिवसांनी, मला न सांगता, माझ्या वर्गात येऊन मागच्या पोरांत मांडी घालून बसलीस. मी घामाघूम. तास झाला. बसच्या वाटेवर माझी चांगली खरडपट्टी काढलीस. "समजलं काय म्हणून कवाबी विचारू नकोस गं. पोट भरलं काय म्हटल्यावर पावणा कवा न्हाई म्हणतोय व्हय? पोरं बी तशीच." मग विचारू काय, म्हटलं. "काय बी इचारू नकोस. फळ्यावर मुद्दाम एक गणित चुकीव आनि गप उभी ऱ्हा. बघ कोन वरडतंय. ज्यो वरडला त्येला समजलं. जी लिवून घ्यायला लागली, त्यांच्याजवळ जाऊन बस." मला राग आला होता, तोंड फुगवून बसले होते बसमध्ये. पण आयुष्यभर मी ह्याच एका युक्तीवर शिकवलं. चुकीचं गणित घालायचं, खडू ठेवायचा, आणि मुलांचा कल्ला व्हायची वाट बघायची. त्या क्षणाइतकी मजा मला नोकरीत दुसऱ्या कशात आली नाही.

शाळा बंद होत्या त्या आजाराच्या काळात आम्ही फोनवर ग्रुप केला. सगळ्या मराठी शाळांचे शिक्षक. आमची अडचण तुझ्या वेळची तीच. खात्याकडून आलेले व्हिडिओ आणि सराव कन्नडात, आणि महाराष्ट्रातले सुंदर मराठी व्हिडिओ आमच्या पुस्तकाशी जुळेनात. तिकडचा धडा एक, आमचा दुसराच. मग वाटण्या केल्या. एक सर कन्नडातलं साहित्य मराठीत करायचे, एक बाई विज्ञानाचे प्रयोग स्वयंपाकघरात करून पाठवायच्या, गणित माझ्याकडं. शाळा उघडल्यावरही ते चालू राहिलं. जवळच्या एका शाळेत गणिताचे सर निवृत्त झाले, जागा भरलीच नाही, तेव्हा तिथल्या मुख्याध्यापकांनी विचारलं, "बाई, तुमी तुमच्या वर्गात शिकवतानाच आमच्याकडं टीव्हीवर दिसशिला काय?" गावानं वर्गणी काढून टीव्ही आणला होता. मी हो म्हटलं. मग आणखी एक शाळा, मग आणखी. खरं सांगते, आक्का, ते दिवस चांगले होते. माझ्या वर्गातली पोरं दुसऱ्या गावातल्या पोरांना पडद्यावरून गणितं घालायची, चिडवायची, टाळ्या पिटायची. तुझं स्वयंपाकघर परत मिळालं म्हणून मी वेडी झाले होते.

मग खात्याचे साहेब बघायला आले. आपल्या माणसांची खोड तुला माहीत आहे. कुणी बघायला येणार म्हटलं की फाटकी सतरंजी आतल्या खोलीत. इकडच्या मराठी शाळांना तर ही सवय हाडीमाशी मुरलेली. आपण कुठं कमी पडतोय असं दिसलं की शाळा दुसऱ्या शाळेत मिसळून टाकतील, ही धास्ती. म्हणून वर्षानुवर्षं सगळं कसं भरलेलं, कसं नीटनेटकं. आम्ही ठरवलं होतं की साहेबांपुढं शिक्षकाच्या रिकाम्या जागांचा विषय काढायचा. पण आधी कौतुक तर होऊ दे! आम्ही रांगोळी काढली. पोरांकडून सकाळपासून घोकून घेतलं. मी स्वच्छ कन्नडात सांगितलं की एक शिक्षक एकाच वेळी इतक्या शाळांना कसा पुरतो. अगं, माझ्याच तोंडानं सांगितलं, छाती फुगवून. आणि शेवटी, तू नको म्हणालेली तीच गोष्ट, टीव्हीकडं वळून विचारलं, "समजलं का?" सगळ्या शाळांतून अंगठे वर झाले. साहेब खूश. "तुंबा चेन्नागिदे, टीचर," म्हणजे फार छान, असं म्हणाले, फोटो काढले, नारळपाणी प्यायले. जागांचा विषय एका सरांनी गाडीपाशी काढला. साहेबांनी प्रेमानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, कशाला हवेत, तुमचं तर इतकं चांगलं चाललंय.

माणूस वाईट नव्हता. आम्ही दाखवलं तेच त्यांनी पाहिलं. त्यानंतर ज्या ज्या शाळेनं गणिताचा शिक्षक मागितला तिला एकच उत्तर, ऑनलाइन आहे की. आणि पुढच्या वर्षी मला बेळगावात बसवलं, म्हणजे सगळ्याच शाळांना सारखा लाभ होईल. माझ्या स्वतःच्या शाळेतली माझी जागा 'व्यवस्था झालेली' ठरली, म्हणजे तिथंही आता टीव्हीच. कन्नडाचं मराठी करणारे सर मला फोनवर म्हणाले, "आपनच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, बाई. कुनाला बोल लावायचा?" त्यांनी तेव्हापासून ग्रुपवर काही टाकलेलं नाही. विज्ञानाच्या बाईंनीही हात आखडता घेतला. त्यांना भीती, उद्या आपल्यालाही उचलतील. ग्रुप आहे अजून. सकाळी गुलाबाच्या फुलांचे फोटो येतात, वाढदिवस होतात, खात्याचे कागद येतात. मराठी कुणी करत नाही. ज्याला कळलं त्याला कळलं.

बेळगावात आल्यावर एकदा मी तुझी युक्ती करून बघितली. दोन अपूर्णांकांची बेरीज करताना खालचे छेद तसेच एकमेकांत मिळवून टाकले, अगदी ढळढळीत चूक, आणि पेन ठेवून उभी राहिले. पडद्यावर शाळांचे छोटे छोटे चौकोन. सगळ्यांचे आवाज मीच बंद केलेले, कारण इतक्या वर्गांचा गोंगाट एकदम आला तर काहीच ऐकू येत नाही. मी उभी राहिले. माना खाली, वह्यांत लिहिणं चालू. मग एकेका चौकोनातून अंगठे वर यायला लागले. माझ्या शाळेतूनसुद्धा. पलीकडचा कॅमेऱ्याचा माणूस खुणेनं म्हणाला, मॅडम, पुढं. मी चूक दुरुस्त केली आणि पुढं गेले. त्या दिवशी मी जेवले नाही. इतकी वर्षं शिकवलं ते सगळं पाण्यात गेलं असं वाटलं, आणि मला त्या पोरांचाच राग आला.

दिवाळीच्या सुट्टीत निपाणीला गेले तेव्हा स्टँडवर माझ्या वर्गातली एक मुलगी भेटली, आईबरोबर. आई विड्या वळते, तयार विड्या द्यायला दोघी आल्या होत्या. ही पोरगी म्हणजे माझं चुकीचं गणित पुरं व्हायच्या आत बाकावर उभी राहून बोंब ठोकणारी. तिनं मला ओळखायला जरा वेळच लावला, मग म्हणाली, "बाई, तुमी टीव्हीत बारीक दिसताय." मी हसले आणि न राहवून विचारलं, त्या दिवशी छेदांची बेरीज चुकली होती, तुला कळलं नाही का गं? ती एकदम फुरंगटली. "कळलं न्हाई व्हय! मी वरडलोतो की, बाई. चुकलंय, चुकलंय म्हनून. लई वरडलो. तुमास्नी ऐकूच आलं न्हाई." मग अंगठा का दाखवलात, म्हटलं. "टीव्ही लावणारे सर म्हणाले, दाखवा. बेळगावास्नं बघत्यात."

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं, पण हातात पिशव्या होत्या आणि रडू येईल अशी भीती. तिची आई मात्र अवघडून उभी होती. शेवटी म्हणाली, "बाई, राग मानू नका. जूनपास्नं हिला कन्नड शाळंत घालनार हाय. तितं फळ्याजवळ खरं मानूस उभं ऱ्हातंय." मी कसला राग मानू, आक्का? तुझी शपथ, ती माझी मुलगी असती तर मीही हेच केलं असतं. बरोबरच करताय, म्हटलं. ती म्हणाली, "आनि चार-पाच जनी हाईत आमच्या गल्लीतल्या." म्हणजे वर्ग गेला. वर्ग गेला की शाळा गेली. जी शाळा टिकावी म्हणून आम्ही एवढा खटाटोप केला, ती त्या खटाटोपानंच बुडाली, आणि बुडवणारीला यंदा शिक्षकदिनाला शाल मिळाली.

तू असतीस तर काय केलं असतंस, हा विचार करून करून मी थकले. साहेबांपुढं तू खरं बोलली असतीस, असं आधी वाटायचं. आता तेवढीही खात्री नाही. तूसुद्धा तपासणीच्या दिवशी शेजारच्या वर्गातली चार पोरं आणून पट भरलेला दाखवायचीस. मी त्या पोरांत बसलेय. सगळेच घाबरलेले होते आणि सगळ्यांनाच शाळा हवी होती. मला तुझ्यावर चिडायचंय आणि चिडता येत नाही. कुणाकडं जाऊन बसू, तेही कळत नाही. बाजारच्या दिवशी जाऊन टेकावं असं एकही घर आता निपाणीत मला नाही.

हे मी भरदुपारी लिहितेय, गणिताच्या तासाला. चकित होऊ नकोस. गेल्या महिन्यापासून माझे आधीचेच तास लावतात, नेट नीट नसतं म्हणून. मी नुसतं हजर राहायचं, कुणी लिहून काही विचारलं तर उत्तर लिहायचं. समोर पडद्यावर मागच्या वर्षीची मी बोलतेय, तीच हिरवी साडी, तोच खोकला. वर्गांचे चौकोन आता दिसत नाहीत. तास लावला की माझ्याकडं तेवढी एक मीच दिसते. कुणी फारसं विचारतही नाही. हे पत्र घडी करून पर्समध्ये ठेवीन. तुझा पत्ता असता तरी टाकलं नसतं, तू वाचून मुकाट्यानं पिठलं ढवळत बसली असतीस, ते मला सोसलं नसतं. पण एक सांगते आणि थांबते. मघाशी, मी तुला स्टँडवरचं लिहीत होते तेव्हा, माझ्या शाळेतून कुणीतरी मुख्याध्यापकांच्या फोनवरून लिहून विचारलं, "बाई, आम्ही दिसतोय काय तुम्हाला?"

मी लिहिलं, दिसताय.