साफ केलेलं गाणं

हिर्डोशी,
रविवार

प्रिय सम्राट,

सप्रेम जयभीम.

आधी एकच विचारतो, बाकीचं मागून. सुलक्षणाबाईंच्या गाण्याची ती जुनी कॅसेट कुठं आहे? तुझ्याकडं आहे, त्या स्टुडिओवाल्याकडं राहिली, की टाकून दिलीत? फोनवर तू दोनदा विचारलंस, "दादा, ऐकलं का? कसं झालंय?" आणि दोन्ही वेळा मी "छान झालंय" म्हणालो. तू हौसेनं केलेलं काम. त्यात मागं तुझी पोरं "काका, आवडलं का?" म्हणून ओरडत होती. तेव्हा खरं बोलवेना. फोन ठेवला की मग स्वतःवरच चिडायचं, असं चाललंय. म्हणून आता कागदावर लिहितो.

साफ केलेलं गाणं भरून तू पाठवलेला स्पीकर फळीवर ठेवलाय. त्याचे लाल-निळे दिवे डोळ्यांत जातात, म्हणून तोंड भिंतीकडं केलंय. आवाजात खोट काढायला जागा नाही. शेजारचे ज्ञानूतात्या दारात येऊन म्हणाले, "आरं रतन, बाई तुज्या घरात बसून गात्यात का काय? चहा तरी पाज की त्यास्नी." जयंतीला मंडळाच्या पोरांनी हेच गाणं लावलं. सगळ्यांना पसंत पडलं. चांगल्या वस्तूला नावं ठेवणारा मी एकटाच, आणि तेही मनातल्या मनात.

साफ करताना बरंच काढलंत. जनरेटरची घरघर गेली. पेटीवाल्याचा खोकला गेला. तू आईच्या कडेवर भोकाड पसरलं होतंस, तेही गेलं. त्याचं मला काही नाही. गाणं तेच आहे. सभेला पायी निघालेली एक बाई, फडक्यात बांधलेली भाकरी, आणि ती पोचते तेव्हा सभा उठलेली असते, माणसं मंडपाचे बांबू उपटत असतात. ती त्या मोकळ्या मैदानाला हात जोडते आणि आल्या वाटेनं परत फिरते. मला हे गाणं ऐकलं की वंदना घेतल्यासारखं शांत वाटतं. आई मात्र दर वेळी रागवायची. म्हणायची, "येवढी चालून आली, पर त्या बाईला कुणी नाव-गाव तरी पुसलं का? बग की."

तुला आठवायचं कारण नाही, पण ती कॅसेट आपल्याच गावची आहे. बाईंची गायन पार्टी जयंतीला आली होती आणि गुरुजींकडून मागून आणलेला टेपरेकॉर्डर मी स्टेजच्या कडेला मांडून बसलो होतो. तेव्हाची पद्धत अशी, की गाणं आवडलं की माणूस नोट घेऊन स्टेजपाशी जायचा आणि बाई गाणं थांबवून माईकवर त्याचं नाव घ्यायच्या. बायकाही द्यायच्या, पण नाव नवऱ्याचं सांगायच्या. दुसरं कडवं झालं आणि आपली आई उठली. एका हातानं तुला धरलेलं, दुसऱ्या हातात भातलावणीच्या मजुरीतली नोट. पार्टीचा माणूस म्हणाला, "मालकांचं नाव सांगा." आई म्हणाली, "मालकांचं कशापायी? पैसं माजं, गानं मला आवाडलं." तो हसला, पुन्हा म्हणाला, "तसं न्हवं बाई, घरच्यांचं नाव." त्यावर आई म्हणाली, "मंग म्या काय दारची हाय?"

सुलक्षणाबाईंनी ते ऐकलं. त्यांनी पेटी थांबवली आणि माईकवर म्हणाल्या, "अंजनाबाई, हिर्डोशी. नवऱ्याच्या न्हाई, सोताच्या नावानं. वाजवा टाळ्या!" मग तो हशा, त्या टाळ्या, आणि मागून कुणीतरी अण्णांना मारलेली हाक, "आता तुमी चूल बगा!" हे सगळं कॅसेटमध्ये होतं. अण्णांना राग आला, चार-आठ दिवस ते आईशी बोलले नाहीत. पुढं मात्र कोणी पाहुणा आला की तेच सांगायचे, "टेप लाव रं रतन, तुज्या आईचं नाव येतंय त्येवढं ऐकव." तुम्ही तेवढंच कापलंत. दुसरं कडवं संपतं आणि लगेच तिसरं सुरू होतं. सांधासुद्धा कळत नाही, इतकं सफाईनं केलंय. तुझा तो स्टुडिओवाला म्हणाला असेल, मध्ये नुसता गोंगाट आहे. त्याला काय ठाऊक? पण तू तर घरातला होतास. तू ऐकलं होतंस ना रे?

आता आईचं लिहितो. फोनवर तू विचारतोस आणि मी "आहे बरी" म्हणतो. जेवते, हिंडते, ऊन खात बसते, या अर्थानं बरीच आहे. पण गेल्या वर्षी मे महिन्यात तू आलास तेव्हा तिनं तुला "पाव्हणं, पानी घ्या" म्हटलं आणि तू हसलास, तुला ती चेष्टा वाटली. ती चेष्टा नव्हती. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, पण पोरं अंगणात खेळत होती, तुला संध्याकाळची एसटी गाठायची होती. मलाही ओळखते असं नाही. कधी भाऊ म्हणते, कधी अण्णा समजून डोक्यावर पदर घेते. भोरच्या डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी तिला विचारलं, "आजी, तुमचं नाव काय?" ती माझ्याकडं वळली. मग हळूच मला म्हणाली, "सांग की."

रोज दिवेलागणीला मी मेणबत्ती लावतो, वंदना म्हणतो. ती शेजारी बसते. त्रिशरण अजून पाठ आहे, एक शब्द चुकत नाही. त्यानंतर टेप लावायचो. दुसऱ्या कडव्यानंतर बाईंनी नाव घेतलं की ती छातीवर हात ठेवून म्हणायची, "ती म्या." रोज, अगदी ठसक्यात. मग जरा वेळ ती आपली आई असायची. मला "रतन" म्हणायची, तुझी चौकशी करायची, मिरची का वाळत घातली नाही म्हणून मला बोलायची. टेपरेकॉर्डरच्या आतला पट्टा तुटला, नवा मिळेना, म्हणून मी कॅसेट तुझ्या हाती दिली. आता गाणं लागतं, दुसरं कडवं संपतं, तिचा हात वर येतो आणि तसाच राहतो. परवा न राहवून मीच मध्ये मोठ्यानं म्हणालो, "अंजनाबाई, हिर्डोशी!" तिनं मला झापलं, "गप बस. बाईला बोलू दे."

म्हणून लिहितोय, सम्राट. कॅसेट असेल तर ती आण. नसेल तर साफ न केलेलं गाणं त्या माणसाकडं कुठं पडून असेल, तर त्याच्या पाया पडून आण. घरघर, खोकला, तुझं रडणं, सगळ्यासकट आण. कुणाच्या हाती पाठवू नकोस, स्वतः ये. आणि कुठंच काही राहिलं नसेल, तर तेही स्पष्ट कळव. मी रोज खोटी आशा धरून तिला समोर बसवतोय. काल गाणं संपलं तरी ती उठली नाही. घरभर बघितलं आणि मला विचारलं, "ह्या घरातली बाई कुटं गेली रं? कवाची दिसंना." तिला काय सांगू, एवढं लिही.

तुझाच,
रतनदादा