शुभ्राचं कोपर

१३ जानेवारी २०२६, अबुधाबी

आज परत कोपर धरलं शुभ्रानं! दुखतंय का विचारलं तर म्हणे, "आय एम फाइन, बाबा."

फाइन! सहा वर्षं जपानमध्ये व्यावसायिक बेसबॉल खेळलोय मी. पिचर होतो, बॉल टाकणारा. पिचरचं 'फाइन' मला कुणी शिकवू नये! माझंही कोपर असंच फाइन होतं. कोच इंजेक्शन टोचून बॉल टाकायला लावायचा. एकोणतिसाव्या वर्षी सगळं खलास. आता इथल्या शाळेत पीटी शिकवतो आणि संध्याकाळी मुलींच्या टीमला कोचिंग देतो. त्यात माझी स्वतःची मुलगी, तीही पिचर.

१५ जानेवारी

चोवीसला फायनल, शारजाच्या टीमशी. जपानच्या एका कॉलेजचा सिलेक्टर येतोय — खास शुभ्राला बघायला!

जेवताना रुपालीनं सरळ विचारलं, "सुजीत, हात दुखतोय तर खेळवायचं कशाला तिला?"

"बघू."

"तुझं बघू म्हणजे खेळवणारच. ओळखत नाही का मी तुला?"

बायको आहे, ओळखणारच.

१९ जानेवारी

शुभ्राचा एक बॉल धड पडेना. शेवटी गिरिजाला पिचिंगला उभं केलं. गिरिजा मूळची क्रिकेटवाली, तिचे वडील रुवैसला रिफायनरीत आहेत. हातात दम आहे पोरीच्या! पण झेल घेतला की बॉल आभाळात उडवते. अगं, इथं झेल घेतल्यावरही खेळ चालू असतो, बेसवरच्या मुली पळतात — सांगून सांगून घसा बसला. पालथ्या घड्यावर पाणी.

२३ जानेवारी

उद्या! पेनकिलर आणून ठेवलीय. खिशातच आहे. एक गोळी दिली की सामना संपेपर्यंत तिला काही कळायचं नाही. सिलेक्टर बघेल, तिचं भलं होईल —

तिचं? कुणाला फसवतोय मी! मला परत जायचंय जपानला, तिच्या हातानं. लाज वाटते स्वतःची. तरी गोळी टाकून देववत नाही.

२४ जानेवारी, शनिवार

नाही खेळवलं. गोळ्या कचऱ्यात टाकल्या आणि तिला म्हटलं, तू आज बस. वाटलं, रडेल, भांडेल. "ओके, बाबा." बस्स.

शेवटच्या डावापर्यंत बरोबरी. मग एक बॉल उंच उडाला, गिरिजानं पळत जाऊन सुरेख झेल घेतला — आणि दिला उडवून आभाळात! तिसऱ्या बेसवरची मुलगी तेवढ्यात होमला पोचून धाव काढून मोकळी! हरलो. सिलेक्टरनं माझ्याशी हात मिळवला आणि गेला.

गिरिजा हमसून रडत होती. शुभ्रानं धावत जाऊन तिला मिठी मारली. काय बोलल्या देव जाणे, पण दोघी खो खो हसत सुटल्या! कित्येक महिन्यांत शुभ्राला असं हसताना पाहिलं नव्हतं. संताप आला मला. इथं करिअर बुडालं आणि ही हसतेय!

२५ जानेवारी

रुपाली एवढंच म्हणाली, "बरं केलंस."

२७ जानेवारी

एमआरआय झाला. डॉक्टर म्हणाले, कोपर ठणठणीत आहे, कधी काही झालेलंच नाही. मी पेढे वाटायच्या बेतात!

गाडीत शुभ्रा बोलली. चक्क मराठीत.

"बाबा, दुखत नव्हतंच. मला खेळायचंच नाहीये. नुसतं नको म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस?"